सहा रेघांवरचे लोकगीत

नंदुरबार जिल्ह्यातील आधुनिक लोकगीतांचा विचार करताना चळवळींना वगळता येत नाही. शहादा परिसरात अंबरसिंग महाराजांनी भजनी मंडळांच्या आधाराने भिल्ल शेतमजुरांना एकत्र आणले, १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली, आणि पुढे सरदार सरोवराच्या बुडीत क्षेत्रातील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांत नर्मदा बचाव आंदोलनाने सभांतून आणि ‘जीवनशाळा’ या आपल्या शाळांतून गाण्याला पुन्हा कामाला लावले. अशा गीताचा रचनाकार माहीत असला, तरी ते पसरते तोंडोतोंडी, आणि त्याची चाल सहसा कोणी लिहून ठेवत नाही. ते गिटारवर बसवू पाहणाऱ्याला टॅब्लेचरच्या पुस्तकांत हे गीत सापडण्याची आशा फारशी नाही. त्या पुस्तकांतील लिहिण्याची रीत मात्र त्याच्या उपयोगाची आहे.

टॅब्लेचर, म्हणजेच बोलीतले ‘टॅब’, ही वाद्यावरील जागा दाखवणारी लिपी आहे. तिच्या सहा आडव्या रेघा म्हणजे गिटारच्या सहा तारा. सर्वांत वरची रेघ सर्वांत बारीक, म्हणजे पहिल्या तारेची असते, रेघेवरचा आकडा कितव्या पडद्यावर बोट दाबायचे ते सांगतो आणि शून्य म्हणजे मोकळी तार. ही कल्पना जुनी असून १५०७ मध्ये व्हेनिसमध्ये छापलेले स्पिनाचिनोचे ल्यूट या तंतुवाद्याचे पुस्तकही रेघा आणि आकड्यांच्याच लिपीत आहे. भातखंडे यांच्या स्वरलिपीत ‘ग’ लिहिला की तो कोणत्याही वाद्यावर वा गळ्यातून काढता येतो. टॅब तो ‘ग’ पहिल्या मोकळ्या तारेवर घ्यायचा, दुसरीच्या पाचव्या पडद्यावर की तिसरीच्या नवव्या, हे ठरवून देते. षड्ज पांढरी एक धरल्यास तिसरी तार मोकळी ठेवून मंद्र पंचम, तिच्या दुसऱ्या पडद्यावर मंद्र धैवत, दुसऱ्या तारेच्या पहिल्या व तिसऱ्या पडद्यांवर सा आणि रे, मग पहिल्या मोकळ्या तारेवर ग आणि तिच्या तिसऱ्या पडद्यावर प असे सहा स्वर हात न सरकवता मिळतात. चार-पाच स्वरांत फिरणाऱ्या कितीतरी चालींना एवढे पुरते. गाणाऱ्याची पट्टी काळी दोन असेल, तर कॅपो, म्हणजे सर्व तारा एकदम दाबणारा चिमटा, तिसऱ्या पडद्यावर लावावा. बोटांच्या जागा मग चिमट्यापासून मोजायच्या असल्याने आकडे तेच राहतात.

अमेरिकेतील लोकगीतांच्या पुनरुज्जीवनात टॅबला मोठे स्थान मिळाले, त्यात पीट सीगर यांच्या पाच तारांच्या बँजोवरील १९४८ च्या चक्रमुद्रित पुस्तिकेचा वाटा आहे. ती वापरणाऱ्यांच्या कानात गाणी बहुधा आधीच होती, आणि हीच अट निर्णायक ठरते, कारण साध्या टॅबमध्ये स्वर किती मात्रा टिकवायचा याची नोंद नसते. अनोळखी गाणे केवळ आकड्यांवरून वाजवणाऱ्याला सर्व स्वर बरोबर सापडतात आणि तरीही गाणे सापडत नाही. उलट जो लहानपणापासून होळीच्या ढोलावर नाचला आहे, त्याला लय कागदाने शिकवण्याची गरजच नसते. त्याचे अडते ते बोट कोठे ठेवावे एवढ्यावरच. म्हणून अक्राणी तालुक्यातील धडगावच्या तरुणाने छापील पुस्तकातील परकी गाणी घोकण्याऐवजी आपल्या माहितीची चाल स्वतः टॅबमध्ये उतरवणे अधिक फलदायी आहे, आणि मात्रांचे तुटक दंड रेघांवर घातले की भातखंडे लिपीतील तालविभागाचा लाभही पदरात पडतो.

तरीही काही गोष्टी आकड्यांत मावत नाहीत. अमेरिकन लोकगायिका आणि गिटारवादक एलिझाबेथ कॉटन डावखुऱ्या होत्या आणि उजव्या हाताच्या गिटारची तारजोडणी न बदलता ते उलटे धरत, त्यामुळे त्यांचा अंगठा चाल वाजवी आणि बोटे खर्ज सांभाळीत. छापील टॅबमध्ये पडदे नेमके उतरतात, पण नाद ज्यातून येतो तो हातांचा उलटा व्यवहार उतरत नाही. दुधी भोपळा आणि बांबूपासून केलेल्या पावरीची चाल गिटारवर घेताना अडचण आणखी वाढते, कारण पावरीचा सूर फुंकेवर सलग टिकतो, तर छेडलेली तार लगेच विरू लागते, आणि पावरीचे स्वर गिटारच्या पडद्यांवर तंतोतंत बसतीलच असे नाही. तेथे खालची एखादी तार षड्जाला मिळवून ती अंगठ्याने सतत छेडत ठेवावी आणि पडद्यांच्या मधला स्वर तार किंचित ओढून घ्यावा. किती ओढायची, हे मात्र पावरीवाल्याजवळ बसूनच ठरवावे लागते.