पेट्रोलची बचत ही बॅटरीची अमानत

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. आमची लेक परीक्षेसाठी सकाळी वडीगोद्रीहून अंबडला निघाली होती. चार्ज 40 टक्के दाखवत होता. अर्ध्या वाटेत तो एकदम 8 वर आला आणि ई-स्कूटर बंद पडली. गाडी एका टपरीजवळ लावून ती एसटीने पोहोचली, पण अर्धा तास उशिरा. संध्याकाळी घरात पेपरची चर्चा झालीच नाही. दादीअम्मा एवढंच म्हणाल्या, "इस गाडी का भरोसा नको. बेटी को घर में बिठाओ."

त्या वाक्याने आम्ही हादरलो. गाडीच्या भरवशावर आमच्या मुलीचं शिक्षण उभं होतं आणि त्या गाडीची निगा कशी राखायची, हे आम्ही शिकलोच नव्हतो. पुढच्या काही महिन्यांत जे समजलं, ते आपल्या घरांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहोत.

नेमकं काय बिघडलं होतं?

गाडी अडीच वर्षांची, 21 हजार किलोमीटर चाललेली. मोटर ठणठणीत होती. ई-स्कूटरमध्ये इंजिन ऑइल नाही, प्लग नाही, कार्ब्युरेटर नाही. झिजणारे भाग म्हणजे टायर, ब्रेक, बेअरिंग, सस्पेन्शन. त्यामुळे रोजची दुरुस्ती खरोखरच कमी असते.

दुखणं बॅटरीत होतं. लिथियम बॅटरी म्हणजे एक डबा नव्हे. त्यात अनेक छोटे सेल जोडलेले असतात. त्यांतला एक गट जरी कमजोर झाला तरी बॅटरीवर नजर ठेवणारी यंत्रणा, म्हणजे बीएमएस, सगळी गाडी थांबवते. साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीएवढीच, तसं हे.

बॅटरी वॉरंटीत होती, म्हणून बदलून मिळाली. पण सर्व्हिस सेंटर जिल्ह्याच्या गावी आणि सुटा भाग बाहेरून येणार. 26 दिवस गाडी तिथे आणि लेक एसटीच्या स्टॉपवर. जुनी बजाज चेतक 1972 पासून देशभर धावली, ती बंद पडली की गावचा मिस्त्री वाटेतच चालू करून द्यायचा. त्याच नावाची इलेक्ट्रिक चेतक जानेवारी 2020 मध्ये पुण्यात आणि बंगळूरमध्ये विक्रीला आली. पण अशा कोणत्याही गाडीची बॅटरी उघडायला प्रशिक्षित हात आणि संगणक लागतो. म्हणून गाडी किती किलोमीटर जाते, हे विचारण्याआधी ती बिघडली तर कोण आणि किती दिवसांत दुरुस्त करणार, हे विचारा.

आमच्या चुका

मराठवाड्याचा उन्हाळा बॅटरीचा मोठा शत्रू आहे. आम्ही दुपारी उन्हातून आलेली गाडी तशीच पत्र्याखाली चार्जिंगला लावत होतो. आता अर्धा तास सावलीत थंड होऊ देतो आणि शक्यतो रात्री किंवा पहाटे चार्ज करतो.

दुसरी चूक, गाडी पार शून्यावर येईपर्यंत चालवायची. रोजच्या वापरात 20 ते 80 टक्क्यांच्या दरम्यान राहिलं तर सेल जास्त टिकतात. अधूनमधून पूर्ण चार्ज करावा, त्याने सेलचा समतोल राहतो. किती दिवसांनी करावा ते माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं. सुट्टीत गावाला जाताना बॅटरी साधारण निम्मी भरून ठेवावी.

तिसरी चूक जास्त धोक्याची होती. एक्स्टेंशन बोर्डावर चार्जिंग! 2022 च्या उन्हाळ्यात देशात अनेक ठिकाणी ई-स्कूटरना आगी लागल्या. त्यानंतर सरकारने बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक केले. ते डिसेंबर 2022 आणि मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत लागू झाले. पण घरची वायरिंग आपणच बघायची. चांगलं अर्थिंग असलेला वेगळा जाड सॉकेट बसवून घ्या, कंपनीचाच चार्जर वापरा, जिन्याखाली किंवा झोपण्याच्या खोलीत चार्जिंग करू नका. विजा कडाडत असतील तर प्लग काढून ठेवा. गाडी धुताना पाण्याचा जोराचा फवारा नको.

ज्या गाड्यांना परवाना आणि नोंदणी लागत नाही, त्यांचा वेग ताशी 25 किलोमीटरपर्यंत आणि मोटर 250 वॉटपर्यंतच असते. त्यांतल्या स्वस्त गाड्यांत बऱ्याचदा लेड-अॅसिड बॅटरी असते. ती जड असते आणि लिथियमच्या मानाने लवकर संपते. विकत घेण्याआधी बॅटरी कोणती आहे, हे बिलावर लिहून घ्या. जुनी गाडी घेत असाल तर सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीची तपासणी करून मगच सौदा करा.

वॉरंटीचा कागदही नीट वाचा. क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेल्यावर बॅटरी बदलून मिळेल, हा आकडा त्यात असतो. सर्व्हिस चुकवली तर वॉरंटीचा दावा अडू शकतो. पावत्या रेशनकार्डासारख्या जपून ठेवा.

खरा हिशेब

आम्ही महिन्याला सरासरी 700 किलोमीटर चालतो. पेट्रोलची स्कूटर लिटरला 45 किलोमीटर देते आणि पेट्रोल 105 रुपये धरलं, तर खर्च साधारण 1,630 रुपये. ई-स्कूटरला याच अंतरासाठी 28 युनिट वीज लागते. युनिटला 10 रुपये धरले तरी 280 रुपये. म्हणजे दरमहा 1,350 रुपये वाचले. अडीच वर्षं आम्ही ही रक्कम खर्चून टाकली आणि बचत झाली म्हणून खूश राहिलो.

पण आमच्या बॅटरीची किंमत सर्व्हिस सेंटरवाल्याने 60 हजार सांगितली. वॉरंटी नसती तर कुठून आणले असते? कर्ज, नाहीतर अम्मीच्या बांगड्या. तेव्हा लक्षात आलं, वाचलेले सगळे पैसे आपले नव्हतेच. त्यांतला मोठा वाटा बॅटरीची अमानत होता.

आता आम्ही घरातच बॅटरीची भिशी सुरू केली आहे. दरमहा 1,000 रुपये वेगळ्या डब्यात. पाच वर्षांत 60 हजार होतात. खरी बचत फक्त 350 रुपयांची, ऑइलचा खर्च वाचला तो वेगळा. बॅटरी त्याहून जास्त टिकली तर पैसे घरातच आहेत.

बॅटरी कधीतरी संपणारच. ती भंगारवाल्याला देऊ नका. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. लिथियमचे सेल फोडले तर पेट घेतात. भंगाराच्या दुकानात काम करणारी पोरंही कुणाची तरी लेकरंच आहेत.

लेक पुन्हा अंबडला जाते. निघताना टायरची हवा, ब्रेक आणि चार्ज स्वतः बघते. परवा दादीअम्मांना दवाखान्यात जायचं होतं. रिक्षा बोलावतो म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "रिक्षा कायको? पोती है ना." आणि बिस्मिल्लाह म्हणत मागे बसल्या.