सुटलेला ईमेल आणि परतीचा हुकूम

5 नोव्हेंबर 1817 रोजी खडकीच्या माळावर पेशव्यांचे आणि इंग्रजांचे सैन्य समोरासमोर उभे ठाकले असता, पर्वतीकडे गेलेल्या दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी आपले सेनापती बापू गोखले यांच्याकडे, पहिली तोफ आपल्या बाजूने डागली जाऊ नये, असा निरोप रवाना केला. परंतु निरोप्या येताना पाहूनच त्याच्या कामाचा अदमास आलेल्या गोखल्यांनी तो पोहोचण्यापूर्वीच नऊ तोफांचा मारा सुरू केला, असे इतिहासकार ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात नमूद करून ठेवले आहे. मागून निघालेल्या हुकुमाने पुढे गेलेली गोष्ट थोपवता येईलच असे नाही, ही अडचण विजेच्या वेगाने पत्रव्यवहार होऊ लागल्यावर नाहीशी झाली असावी, असे आज त्याच खडकीत छावणी मंडळाकडे अर्ज धाडणारे रहिवासी, दारूगोळा कारखान्याला माल पुरवू पाहणारे लहान कारखानदार आणि महाविद्यालयाला कागदपत्रे पाठवणारे विद्यार्थी सहज गृहीत धरतात. ती नाहीशी झालेली नाही. आणि तसे मानल्यामुळे चूक सुधारण्याची खरी वेळ हातची जाते, म्हणून या समजुतीचा परामर्श घेणे अगत्याचे आहे.

जीमेलमधील ‘अनडू’ची कळ दाबली की गेलेला ईमेल वाटेतून परत येतो, हा याबाबतचा सर्वांत रूढ गैरसमज. वस्तुस्थिती अशी की तो ईमेल गेलेलाच नसतो. आपण ‘सेंड’ म्हटल्यावर जीमेल तो काही सेकंद स्वतःजवळ तहकूब ठेवते. ही मुदत 5, 10, 20 किंवा 30 सेकंदांची ठरवता येते, आणि ती सरली की रवानगी होते. 2009 साली प्रायोगिक म्हणून आलेली ही सोय 2015 मध्ये नियमित झाली; ॲपलनेही 2022 पासून तशीच तजवीज केली आहे. मुदत संपल्यानंतर मात्र कोणतीही कळ उपयोगी पडत नाही, आणि त्याचे कारण ईमेलच्या मूळ रचनेतच आहे. 1982 साली जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपी ही ईमेल पोहोचवण्याची जी नियमावली प्रसिद्ध केली, तिच्यात पत्र सोपवण्याच्या आज्ञा आहेत, सोपवलेले पत्र परत मागण्याची आज्ञा नाही. समोरच्या सर्व्हरने 250 या अंकाने ‘स्वीकारले’ असे उत्तर दिले की पत्राची जबाबदारी त्याच्याकडे जाते आणि पाठवणाऱ्याचा त्यावरील ताबा संपतो. आपल्या टपाल खात्याची गोष्ट निराळी होती: 1898 च्या टपाल कायद्यात, वाटेत असलेली वस्तू पाठवणाऱ्याला परत देण्याविषयी नियम करण्याची तरतूद होती. पत्र परत मागता येते ही आपली जुनी धारणा त्यामुळे अगदीच निर्मूल नव्हे. ती ईमेलला लागू करणे मात्र चूक आहे.

कचेऱ्यांतून वापरल्या जाणाऱ्या आउटलुकमधील ‘रिकॉल’विषयीही असाच भ्रम आढळतो. पाठवणारा आणि घेणारा एकाच संस्थेच्या मायक्रोसॉफ्ट व्यवस्थेत असतील तरच तो चालतो. बाहेरच्या पत्त्यावर गेलेल्या ईमेलला त्याचा काही उपाय नाही. उलट, अमुक व्यक्ती आपला संदेश परत घेऊ इच्छिते, अशी सूचनाच समोरच्याला मिळण्याचा संभव असतो, आणि मग जो ईमेल त्याने कदाचित उघडलाही नसता, तोच आधी उघडला जातो. आपल्या ‘सेंट’ खान्यातून प्रत पुसून टाकणे तर सर्वस्वी निरर्थक. त्याने समोरच्याची प्रत जात नाहीच, आपण काय पाठवले याचा आपला स्वतःचा पुरावा तेवढा नष्ट होतो.

‘त्यांनी अजून वाचला नाही, म्हणजे पोहोचला नाही’ असेही म्हणतात; तेही खरे नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 याच्या 13 व्या कलमाप्रमाणे, घेणाऱ्याने ईमेलसाठी ठरावीक पत्ता नेमून दिला असेल आणि पक्षांत वेगळे काही ठरले नसेल, तर त्या ठिकाणी ईमेल शिरला की तो मिळाला असे धरले जाते. परंतु पोहोचलेली चूक कायमची अंगावर बसते, असेही मानण्याचे कारण नाही. समजा, खडकी बाजारातील एखाद्या यंत्रशाळेकडून 1,85,000 रुपयांच्या दरपत्रकात एक शून्य गळाले आणि 18,500 रुपये गेले. 1872 च्या करार कायद्याचे 5 वे कलम सांगते की समोरच्याची मान्यता त्याच्या हातून सुटेपर्यंत प्रस्ताव मागे घेता येतो. आणि 4 थ्या कलमानुसार, मागे घेतल्याचे त्याला कळेल तेव्हाच ते त्याच्यापुरते पूर्ण होते. म्हणून अशा वेळी लाजेने गप्प राहणे हा सर्वांत घातक मार्ग होय. प्रथम दूरध्वनी करावा, आणि लगेच ज्यांना ज्यांना पहिला ईमेल गेला त्या सर्वांना, कोणालाही न वगळता, लेखी दुरुस्ती पाठवावी. विषयाच्या ओळीचा पहिलाच शब्द ‘दुरुस्ती’ असावा. पहिल्या वाक्यात चुकीचा आकडा व खरा आकडा दोन्ही यावेत. दुसऱ्यात, आधीचे दरपत्रक मागे घेतले आहे, हे निःसंदिग्ध शब्दांत असावे. क्षमायाचना एका ओळीत पुरे. सरकारी निविदेत मात्र दर मागे घेण्याचे नियम निविदेच्या अटींतच असतात. ते आधी वाचावेत.

भलत्याच पत्त्यावर दुसऱ्याची कागदपत्रे जाणे ही याहून गंभीर बाब. ईमेलच्या तळाशी छापलेली ‘हा मजकूर आपल्यासाठी नसल्यास नष्ट करावा’ ही ओळ विनंती म्हणून ठीक आहे, पण केवळ तिच्यामुळे अनोळखी वाचणारा करारबद्ध होत नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने नजरचुकीने झालेल्या प्रकटीकरणालाही भंगाच्या व्याख्येत घेतले आहे. ज्याची कागदपत्रे गेली त्या माणसाला कळवणे हे, कायद्याचा बडगा असो वा नसो, आपले पहिले कर्तव्य आहे. तो सावध झाला तरच आपल्या नावावर होऊ शकणारा गैरव्यवहार रोखू शकेल.

वाचकांनी आजच जीमेलच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ‘अनडू’ची मुदत 30 सेकंदांवर नेऊन ठेवावी, आणि महत्त्वाच्या ईमेलमध्ये घेणाऱ्याचा पत्ता मजकूर व जोडपत्रे तपासून झाल्यावर सर्वांत शेवटी भरावा.