छोट्या शाळेत फुटबॉलचा सराव : वेळ कुठून काढायचा आणि जबाबदारी कोणी घ्यायची?



आज फळा-खडू बाजूला ठेवून जरा मैदानाविषयी बोलू. आमच्या अंबरनाथ पूर्वेच्या आनंदनगर भागात, आणि एकूणच उल्हासनगर-बदलापूर पट्ट्यात, छोट्या शाळा बऱ्याच आहेत. एका इयत्तेची एकच तुकडी, मोजके शिक्षक, पटांगण परिपाठापुरतं. अशा शाळेत कोणी "फुटबॉलचा संघ करू या" म्हटलं की दोनच प्रश्न येतात. शिकवणार कोण? आणि कधी?

पहिल्या प्रश्नाचं मूळ कायद्यात आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांचे अंशकालीन निदेशक सांगितले आहेत, पण पट शंभरच्या वर असेल तरच. म्हणजे नव्वद मुलांच्या शाळेला खेळाचा स्वतंत्र शिक्षक मिळण्याची सोय कागदावरही नाही. मग गणिताचे सर नाहीतर मराठीच्या बाई शिट्टी घेऊन उभ्या राहतात. त्यात वाईट काही नाही. वाईट हे की ते काम एकाच उत्साही माणसाच्या गळ्यात पडतं. तो आजारी पडला, त्याला निवडणुकीचं काम लागलं किंवा त्याची बदली झाली, की सराव बंद आणि चेंडू कपाटात. १५ सप्टेंबर २०१७ ला राज्यात एका दिवसात दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवायचा उपक्रम झाला होता, आठवतोय ना? त्याच ऑक्टोबरात नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर १७ वर्षांखालील विश्वचषकाचे सामने झाले. तेव्हा शाळांना चेंडूही मिळाले होते. तुमच्या शाळेतले ते चेंडू आज कुठे आहेत, एकदा बघा!

आता वेळेचं. आपल्याकडे अनेक शाळा दोन सत्रांत भरतात. सकाळचं सत्र सुटतं आणि दुपारचं भरतं, त्या मधल्या वेळेतच पटांगण रिकामं असतं, आणि नेमकं तेव्हा ऊन डोक्यावर. एरवी पटांगणात खेळ सुरू झाला की खिडकीतून ओरडा येतो, "अरे, वर्ग चालू आहेत!" त्यात फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयानुसार चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवायचे नाहीत असं ठरलं, त्यामुळे काही ठिकाणी सत्रांची गणितं पुन्हा बदलली. म्हणून दुसऱ्या शाळेचं वेळापत्रक उतरवून घेऊ नका. आधी एक आठवडा फक्त नोंद करा की पटांगण कोणत्या वारी, किती ते किती मोकळं असतं.

माझं मत विचाराल तर रोज सराव हवा हा हट्ट सोडावा. आठवड्यात दोन दिवस आणि शनिवार पुरे. शारीरिक शिक्षणाच्या पस्तीस मिनिटांच्या दोन तासिका वेगवेगळ्या वारी असतील तर त्या जोडून घ्या. पस्तीस मिनिटांत मुलं खाली येऊन रांग लावेपर्यंतच दहा मिनिटं जातात. जोडतासिकेत तेवढाच वेळ जाऊन खेळायला तासभर उरतो. हे मुख्याध्यापकांशी जूनमध्येच बोलावं लागतं, एकदा वेळापत्रक लागलं की कोणी हलवत नाही. आणि शालेय फुटबॉलचा हंगाम बराचसा पावसाळ्यातच येतो. पटांगणात तळं झालं की चिखलात खेळवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. व्हरांड्यात भिंतीवर पास मारणं आणि चेंडू पायाखाली दाबून धरणं तरी होतंच.

एक साधं गणित सांगतो. चाळीस मिनिटं अकरा विरुद्ध अकरा खेळवले, तर एका चेंडूमागे बावीस मुलं. चेंडू सगळ्यांना सारखा मिळाला असं धरलं तरी एकाच्या वाट्याला दोन मिनिटंही येत नाहीत, आणि तो सारखा मिळत नाहीच, दोन-तीन दांडगी मुलं घेऊन पळतात. त्याच वेळात चार विरुद्ध चार खेळवा, वाट्याला पाच मिनिटं येतील. लहान पटांगण इथे अडचण नाही, सोय आहे. विटा किंवा दप्तरं ठेवून तीन छोटी मैदानं करा. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना चार नंबरचा चेंडू द्या, पाच नंबरचा त्यांच्या पायाला जड पडतो.

तीन मैदानं म्हणजे तीन माणसं लागणार, असं तुम्ही म्हणाल. इथे कोल्हापूरकडे बघा. तिथला फुटबॉल पेठांच्या तालमींनी वाढवला. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम ही नावं शाहू स्टेडियमवर जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहेत. अशा ठिकाणी मोठ्यांचं बघत बघत धाकटी पोरं शिकतात. तेच शाळेत करा. नववीच्या दोन मुली आणि दोन मुलगे 'संघनायक' नेमा, ते पाचवी-सहावीच्या मैदानावर राहतील. दहावीच्या मुलांवर हे टाकू नका, दिवाळीनंतर ती क्लासला पळतात आणि त्यांचं बरोबरच आहे.

शिक्षकांची कामंही फोडा. एकाने मैदानावर राहायचं, एकाने फक्त कागद बघायचे : जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांच्या प्रवेशिका, जन्मतारखेचे दाखले, पालकांची संमतीपत्रं. सुब्रतो चषकासाठीही हेच कागद लागतात. कागदांचं काम मैदानातल्या माणसाकडे दिलं की दोन्ही अर्धवट राहतात. तिसऱ्याकडे प्रथमोपचार पेटी, पाणी आणि घरी निघालेल्या मुलांची हजेरी. मैदानावरचा माणूस सत्र संपलं की बदला. पहिली ते आठवीच्या शिक्षकांना कायद्याने पूर्वतयारीसह आठवड्याला ४५ तास काम धरलं आहे, सराव त्याच हिशोबात मांडा आणि मुख्याध्यापकांकडून लेखी घ्या. 'आवड म्हणून थांबतात' असं एकदा ठरलं, की थांबणारा कायमचा तोच.

मुलींबद्दल थोडं जास्त. आनंदनगरच्या एमआयडीसीत कितीतरी पालक पाळीत कामाला जातात. धाकट्या भावंडाला शाळेतून घरी न्यायचं काम मोठ्या बहिणीचं. म्हणून शाळा सुटल्यावरच्या सरावाला मुलगे थांबतात, मुली जातात, आणि आपण म्हणतो मुलींना आवड नाही. भावंडाला मैदानाच्या कडेला बसू द्या, बाहेर गेलेला चेंडू आणून द्यायला ती पोरं एका पायावर तयार असतात. निघायची वेळ उजेडातली ठेवा आणि ती पालकांच्या ग्रुपवर आधीच टाका.

राहता राहिले बूट. स्पर्धेत नियम ४ प्रमाणे बूट, मोजे आणि नडगीचे गार्ड सक्तीचे आहेत. घरचा सराव अनवाणी चालला तरी सामन्याच्या दिवशी पहिल्यांदा बूट घातलेला मुलगा घसरतोच. शाळेने वेगवेगळ्या मापांचे दहा-बारा जोड घ्यावेत, माजी विद्यार्थ्यांकडून जुने मिळाले तरी चालतील, आणि स्पर्धेआधी किमान दोन आठवडे ते घालूनच खेळवावं. लोखंडी गोलपोस्ट असेल तर तो जमिनीत पक्का रोवलेला आहे का हे दर वेळी हलवून बघा. मुलं आडव्या दांड्याला लटकतात, आणि सुटा पोस्ट अंगावर पडतो.