मुंबईचे गोदी कामगार आणि कामाची पाळी

मुंबईच्या गोदी कामगार संघटनांचा इतिहास बहुधा संप आणि वेतनकरार यांच्या क्रमाने सांगितला जातो. परंतु या चळवळीच्या मुळाशी असलेला प्रश्न मजुरीच्या दराचा कमी, आणि आज काम कोणाला मिळणार व ते कोण ठरवणार याचा अधिक होता. १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजची इंदिरा गोदी, सुरू झाली. या बंदिस्त गोद्यांत जहाजांची ये-जा भरतीच्या वेळा पाहून होई आणि मालाची आवक हंगामानुसार कमीजास्त होई. त्यामुळे एके दिवशी माणसे अपुरी पडत, तर दुसऱ्या दिवशी अनेकांना दरवाजावरूनच परतावे लागे. जहाजावर माल चढवण्या-उतरवण्याचा ठेका घेणाऱ्या स्टीव्हडोरला हाताशी नेहमी जादा माणसे हवी असत आणि ती पुरवण्याचे काम टोळीवाला करी. कामावर घेणारा व पगार वाटणारा एकच असल्याने मजुरीतून दस्तुरी कापली जाणे आणि उचल देऊन मजुरास बांधून ठेवणे हे त्या व्यवस्थेत ओघाने येई.

हे दुखणे मुंबईपुरते नव्हते. बेन टिलेट, टॉम मॅन व जॉन बर्न्स यांच्या नेतृत्वाखालील लंडनच्या १८८९ च्या संपात तासाला सहा पेन्स या मागणीबरोबरच, एकदा कामावर घेतलेल्या माणसाला किमान चार तासांचे काम मिळावे अशीही मागणी होती. भारतात कामगारांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात गोदी कामगारांची नोंदणी करण्याची शिफारस केली. ती कायद्यात उतरण्यास मात्र १९४८ साल उजाडले.

या काळातील मुंबईचे सर्वांत प्रभावी नेते म्हणजे मंगळूरकडून आलेले प्लॅसिड डिमेलो. ट्रान्सपोर्ट अँड डॉक वर्कर्स युनियन ही त्यांची संघटना समाजवादी विचारांच्या हिंद मजदूर सभेशी जोडलेली होती आणि जॉर्ज फर्नांडिस यांनी कामगार चळवळीचे पहिले धडे त्यांच्याच हाताखाली गिरवले. डिमेलो १९५८ मध्ये, वयाची चाळिशी गाठण्यापूर्वीच निवर्तले; पुढे एस. आर. कुलकर्णी आणि मनोहर कोतवाल यांनी संघटना सांभाळली. एका गव्हर्नराच्या नावाचा, गोदीलगतचा फ्रियर रोड आज पी. डिमेलो मार्ग म्हणून ओळखला जातो, हा बदल बोलका आहे.

१९४८ च्या कायद्यानुसार १९५१ मध्ये मुंबईत गोदी कामगारांच्या नोंदणीची योजना आली आणि सरकार, मालक व कामगार यांचे प्रतिनिधी असलेले गोदी कामगार मंडळ तिचा कारभार पाहू लागले. काही कामगार मासिक नोंदवहीत, म्हणजे ठरावीक स्टीव्हडोरकडे, तर उरलेले राखीव नोंदवहीत असत; राखीव कामगारांना पाळीपाळीने काम वाटले जाई आणि हजर राहूनही काम न मिळाल्यास हजेरी भत्ता मिळे. टोळीवाल्याची सत्ता मोडली ती प्रामुख्याने या नोंदवहीने, आणि संघटनेचे हे यश कोणत्याही वेतनवाढीहून मोठे मानावे लागेल. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कामगारांसाठी केलेल्या कायद्यातील मंडळेही याच वळणाची आहेत. तथापि नोंदवही ही भिंतही होती: आत असलेल्यांना संरक्षण मिळाले, बाहेरचे बाहेरच राहिले, आणि मंडळावर बसणारी संघटना काही अंशी कारभाऱ्याच्या भूमिकेत गेली. जहाजावरचे कामगार मंडळाचे आणि धक्क्यावरचे बंदर चालवणाऱ्या पोर्ट ट्रस्टचे, ही विभागणी कायम राहिल्याने डॉ. शांती पटेल यांच्यासारख्या नेत्यांच्या संघटना स्वतंत्रपणे वाढल्या.

या रचनेला खरा हादरा दिला तो कंटेनरने, म्हणजे ठरावीक मापाच्या पोलादी पेटीने. गोणी व गासड्या हाताळणारी टोळी जे काम अनेक पाळ्यांत करी, ते क्रेन काही तासांत उरकू लागली, आणि १९८९ मध्ये न्हावा शेवा बंदर सुरू झाल्यावर मुंबईचा कंटेनर व्यवहार खाडीपलीकडे सरकला. टोळीत किती माणसे असावीत यावरील वाटाघाटींत संघटनांनी बराच काळ तग धरला. पण मोठ्या बंदरांना १९४८ चा कायदा लागू न करण्याची तरतूद १९९७ च्या कायद्याने केली आणि मुंबईच्या मंडळाचे कामगारही पोर्ट ट्रस्टच्या सेवेत सामावले गेले. मोठ्या बंदरांचे वेतनकरार त्यानंतरही कामगार महासंघांशी देशपातळीवर होत राहिले. खासगी टर्मिनलांतील कंत्राटी कामगार मात्र या करारांच्या कक्षेबाहेर आहेत.