फ्रँक लॉइड राइट यांचे सुवर्णपदक : सन्मानासाठी, की सोने विकण्यासाठी?

अमेरिकी वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांची प्रतिमा असलेले अर्धा औंसाचे सुवर्णपदक अमेरिकेच्या टांकसाळीने १९८२ मध्ये काढले. आधुनिक वास्तुकलेच्या एका अग्रणीचा हा सरकारी गौरव होता, असे सकृद्दर्शनी वाटते. प्रत्यक्षात मात्र या पदकाच्या जन्माला वास्तुकलेपेक्षा सोन्याचा बाजार अधिक कारणीभूत होता.

अमेरिकेत नागरिकांनी सोने बाळगण्यावर १९३३ मध्ये आलेले निर्बंध १९७४ च्या अखेरीस उठले. त्यानंतर तेथील गुंतवणूकदारांचा ओढा दक्षिण आफ्रिकेच्या ‘क्रुगररँड’ या नाण्याकडे वळला. वर्णद्वेषी राजवटीच्या नाण्यावर अमेरिकी पैसा खर्च होत असल्याने स्वदेशी पर्यायाची मागणी पुढे आली आणि १९७८ मध्ये काँग्रेसने सुवर्णपदकांचा कायदा संमत केला. त्यानुसार १९८० ते १९८४ या पाच वर्षांत दरवर्षी दोन कलावंतांची पदके निघाली. एक पूर्ण औंसाचे, दुसरे अर्ध्या औंसाचे. १९८२ मध्ये पूर्ण औंसाचा मान जॅझवादक लुई आर्मस्ट्राँग यांना मिळाला, तर अर्ध्या औंसाचा राइट यांना.

या पदकांची शुद्धता ९०० होती, म्हणजे २२ कॅरेटपेक्षा किंचित कमी. राइट यांच्या पदकात १५.५५ ग्रॅम शुद्ध सोने आहे. जुन्या हिशेबाने सव्वा तोळ्याहून थोडे अधिक. परंतु त्यावर दर्शनी मूल्य नाही आणि ते कायदेशीर चलनही नाही. योजनेचा खरा कच्चा दुवा हाच ठरला. गुंतवणुकीसाठी सोने घेणाऱ्याला ‘नाणे’ हवे होते. सरकार त्याच्या हाती ‘पदक’ देत होते. सुरुवातीची विक्रीपद्धतीही ग्राहकाची परीक्षा पाहणारी होती. त्या दिवसाचा भाव दूरध्वनीवरून विचारायचा आणि मागणी टपालाने नोंदवायची! याउलट क्रुगररँड कोणत्याही मोठ्या विक्रेत्याकडे सहज मिळे. १९८२ पासून पदकांच्या कडेला नाण्यासारख्या खाचा आणि पृष्ठभागावर देशाचे नाव आले. तरीही अपेक्षित मागणी निर्माण झाली नाही.

राइट यांना सन्मानाची वानवा नव्हती, हे येथे नोंदवले पाहिजे. १८६७ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात जन्मलेल्या या वास्तुविशारदाला १९४१ मध्ये ब्रिटनचे राजसुवर्णपदक आणि १९४९ मध्ये अमेरिकी वास्तुविशारदांच्या संस्थेचे सुवर्णपदक मिळाले. पेनसिल्व्हेनियातील धबधब्यावर उभारलेले ‘फॉलिंगवॉटर’ हे घर आणि न्यूयॉर्कचे सर्पिलाकार गुगेनहाइम संग्रहालय या त्यांच्या सर्वांत ख्यातनाम कृती. एप्रिल १९५९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यानंतर सहा महिन्यांनी संग्रहालय खुले झाले. अहमदाबादच्या कॅलिको मिलसाठीही त्यांनी एका दुकानाचा आराखडा केला होता. ती वास्तू कधी उभी राहिली नाही; मात्र साराभाई कुटुंबातील गौतम आणि गिरा यांनी त्यांच्याकडे काम केले होते.

पदकांचा अनुभव अमेरिकेला पुढे उपयोगी पडला. १९८५ मध्ये क्रुगररँडच्या आयातीवर बंदी आली, त्याच वर्षी नवा कायदा झाला आणि १९८६ मध्ये ‘गोल्ड ईगल’ बाजारात आले. त्याच्या अर्ध्या औंसाच्या नाण्यावर २५ डॉलर असे दर्शनी मूल्य कोरलेले असते. त्यातील सोन्याच्या किमतीपुढे हा आकडा नाममात्र आहे, पण त्यामुळेच ते ‘नाणे’ ठरते.

भारतात नोव्हेंबर २०१५ मध्ये आलेल्या सरकारी सुवर्णनाण्यावर एका बाजूला अशोकचक्र आणि दुसऱ्या बाजूला महात्मा गांधी आहेत. नावात नाणे असले, तरी रुपयांतील दर्शनी मूल्य त्यावरही नाही.