ऑटोमॅटिक गाडी आणि दिवे घाटाचा उतार

आमच्या ओळखीत गेल्या काही वर्षांत ज्यांनी गाडी घेतली, त्यांतल्या बऱ्याच जणांनी ऑटोमॅटिक घेतली. हडपसरमध्ये राहणाऱ्याला याचे कारण सांगावे लागत नाही. सय्यदनगरच्या रेल्वे फाटकापाशी रांगेत थांबा, तिथून गाडीतळाकडे या, मग मगरपट्टा चौक गाठा. एवढ्या अंतरात क्लच किती वेळा दाबला याचा हिशोब आपण ठेवत नाही, पण डावा गुडघा ठेवतो. शिवाय घरातल्या भाभी आणि मुली आता स्वतः गाडी चालवतात. मुलांना शाळेत सोडणे, अम्मींना दवाखान्यात नेणे ही कामे त्याच करतात. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये क्लचच्या गाडीवर शिकून घरी ऑटोमॅटिक चालवणाऱ्या कितीतरी जणी आमच्या शाळेतल्या पालकांमध्येच आहेत.

ही सोय आवाक्यात आली ती २०१४ पासून. त्या वर्षी मारुतीने सेलेरिओ गाडी आणली आणि तिच्यात एएमटी नावाची व्यवस्था दिली. नावाने बिचकण्याचे कारण नाही. यात गिअरबॉक्स नेहमीचाच असतो आणि क्लचही असतो. फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम एक यंत्र करते. म्हणजे क्लच गेलेला नाही, तो दाबणारा पाय बदललेला आहे. हे लक्षात ठेवले की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप समजतात.

या गाड्यांच्या दांड्यावर आर, एन आणि डी ही अक्षरे असतात आणि बाजूला ‘एम’ असतो, अधिक-उण्याच्या खुणांसह. एम म्हणजे मॅन्युअल. दांडा तिकडे सरकवला की गिअर कोणता हवा ते आपण ठरवायचे. अधिककडे ढकलला की वरचा गिअर, उण्याकडे ढकलला की खालचा. क्लच तेव्हाही दाबावा लागत नाही. बहुतेक घरांत या एमला कोणी हात लावत नाही. गाडी विकणाऱ्यानेच सांगितलेले असते, “डीत टाका आणि विसरून जा.” हडपसरपुरते हे खरेही आहे. गाडीतळाच्या कोंडीत एमचा काहीही उपयोग नाही, उगाच हाताला काम.

पण आपली माणसे सासवडला आहेत, बारामतीला आहेत, फलटणला आहेत. लग्न असो, ईदनंतरची भेट असो, फुरसुंगी आणि उरुळी देवाची मागे टाकून वडकीच्या पुढे दिवे घाट चढावाच लागतो. गाडीत पाचांऐवजी सहा जण, डिकीत बिर्याणीचे पातेले, वर एसी सुरू. अशा वेळी डीमधली छोटी गाडी चढावर गोंधळते. दुसरा टाकते, थोडा वेग आला की तिसरा टाकते, दम लागला की पुन्हा दुसरा. प्रत्येक बदलाला एक झटका बसतो आणि मागच्या सीटवर मुलांना मळमळते. एममध्ये दुसरा गिअर टाकून तो धरून ठेवला की हा खेळ थांबतो. आषाढी वारीत माउलींच्या पालखीचा रथ याच घाटात चढवताना बैलांच्या जादा जोड्या लावतात. खालचा गिअर हे इंजिनासाठी तेच काम करतो.

चढावर आणखी एक गोष्ट. पुढे ट्रक अडकला आणि रांग थांबली तर बरेच जण ऍक्सिलरेटर किंचित दाबून गाडी जागेवर तोलून धरतात. एएमटीत असे कधीही करू नये. आत क्लच घसरत राहतो आणि जळतो, आणि तो बदलण्याचा खर्च लहान नसतो. ब्रेकवर पाय ठेवा, निघताना हँडब्रेकची मदत घ्या.

खरा प्रश्न मात्र परतीचा आहे. संध्याकाळी घाट उतरताना खाली मस्तानी तलाव दिसतो, सगळे तिकडे पाहत असतात आणि चालवणाऱ्याचा उजवा पाय ब्रेकवरून हलत नाही. असे का होते? गाडीचा संगणक मुख्यतः आपला ऍक्सिलरेटरवरचा पाय पाहतो. पाय काढला की त्याला वाटते चालवणारा निवांत आहे, पेट्रोल वाचवू या. मग तो वरचा गिअर टाकतो. वरच्या गिअरमध्ये इंजिन गाडीला फारसे रोखत नाही, गाडी उतारावर सुटते आणि सगळा भार ब्रेकवर पडतो. काही महागड्या गाड्या उतार ओळखून स्वतः खालचा गिअर धरतात, पण सगळ्या नाही.

ब्रेक गाडीचा वेग कमी करतो म्हणजे त्या वेगाची उष्णता करतो. दोन-तीन वेळा दाबला तर ती हवेत निघून जाते. मिनिटेच्या मिनिटे दाबून धरला तर साठत जाते. मग पॅड तापून पकड सोडतात, जळका वास येतो. ब्रेक ऑइल उकळले तर पेडल मऊ पडून खाली जाते. सहा माणसे भरलेल्या गाडीत हे वळणावर झाले तर काय, याचा विचार प्रत्येकाने करावा.

एमचे खरे काम इथे आहे. उतार सुरू होण्याआधीच दांडा एमवर घ्या आणि वेग कमी करून एकेक गिअर खाली आणा. जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये उतरावा. छोट्या गाडीला दिवे घाटात साधारण दुसरा किंवा तिसरा पुरतो. दुसऱ्यात तीस-पस्तीसच्या वेगाला इंजिन जरा मोठ्याने ओरडते. ओरडू द्या. मिनिटाला तीन-साडेतीन हजार फेऱ्यांनी पेट्रोल इंजिनाचे काही बिघडत नाही. पेट्रोलही जास्त जळत नाही. उलट, गिअरमध्ये असताना ऍक्सिलरेटर पूर्ण सोडला की हल्लीच्या गाड्या उतारावर इंजिनाला पेट्रोल देणेच बंद करतात. आता ब्रेक फक्त वळणाच्या आधी, थोडा थोडा, लागेल तेवढाच. घाटात चढणाऱ्या वाहनाला वाट द्यायची असते, हा नियम पाळायलाही मग सवड मिळते.

हे समजले की न्यूट्रलमध्ये गाडी सोडण्याचा वेडेपणाही समजतो. खेड शिवापूरच्या दर्ग्याहून किंवा साताऱ्याहून परतताना नवीन कात्रज बोगदा ओलांडला की नवले पुलापर्यंत लांबलचक उतार लागतो. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री याच उतारावर एका मालवाहू ट्रकने वाहनांना धडक दिली आणि सुमारे ४८ वाहनांचे नुकसान झाले. चालकाने इंधन वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद केले होते, असे पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आले. इंजिन बंद झाले की ब्रेकला त्याच्याकडून मिळणारी मदतही थांबते.  कारमध्ये मग दोन-चार वेळा दाबल्यावर पेडल दगडासारखे होते. न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू ठेवले तरी ते गाडीला रोखत नाही आणि वर चालू राहण्यासाठी पेट्रोलही पिते. बचत कसली?

शिक्षक असल्याने आम्हांला प्रात्यक्षिकाशिवाय राहवत नाही. एम पहिल्यांदा वापरण्याची जागा घाट नव्हे. एखाद्या रविवारी फजरनंतर रस्ते रिकामे असताना घराजवळच सराव करा. आधी दांड्यावरची खूण पाहा. काही कंपन्यांत अधिक पुढे असतो, काहींत मागे, आणि दुसऱ्याची गाडी घेतली की नेमका उलटा हात पडतो. गिअर बदलताना ऍक्सिलरेटरवरचा पाय क्षणभर हलका करा, एएमटीचा झटका जवळजवळ जातो. डॅशबोर्डवर गिअरचा आकडा दिसतो, तो पाहण्याची सवय लावा. चुकून भलताच खालचा गिअर मागितला तर गाडी तो देत नाही, त्यामुळे भीतीचे कारण नाही. थांबताना ती स्वतःच पहिल्यावर येते. भाभींना शिकवताना शेजारी बसून ओरडू नये, ही सूचना तमाम नवरे मंडळींसाठी.

पावसाळ्यात ओल्या घाटात एकदम पहिला गिअर मागू नये, पुढची चाके घसरू शकतात. एकेक पायरी उतरावी.

एवढे करूनही ब्रेकचा वास आलाच तर रुंद जागा पाहून गाडी बाजूला घ्या आणि अर्धा तास सगळ्यांना उतरवून बसा. तापलेल्या चाकांवर पाणी ओतू नका, डिस्क वाकडी होते. आणि गाडी उभी करताना लक्षात ठेवा की अनेक एएमटी गाड्यांत ‘पी’ नसतो. तिथे हँडब्रेक ओढायचा आणि दांडा एनऐवजी डी किंवा आरमध्ये ठेवून इंजिन बंद करायचे, म्हणजे गिअर अडकलेला राहतो.

तुमची गाडी सीव्हीटी असेल तर आत गिअरच नसतात, पट्टा आणि कप्प्या असतात. एम असला तरी त्यातले आकडे नुसते मानलेले टप्पे असतात. काहींत त्याऐवजी ‘एल’ किंवा ‘एस’ असतो. उतारावर काम तेच, दांड्यावरचे अक्षर वेगळे. आपल्या गाडीत नेमके काय आहे ते गाडीसोबत आलेल्या पुस्तकात दिलेले असते. ते पुस्तक बहुधा अजून ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीतच असेल.