नळाचे काम भिंतीआड जाण्यापूर्वी

न्हाणीघराच्या मागच्या भिंतीवर ओलीचा एक डाग दिसू लागतो. आधी रंगाचे पोपडे निघतात, मग गिलावा ठिसूळ होतो आणि पावसाळा संपून दिवाळी आली तरी डाग वाळत नाही. तेव्हा कुठे घरमालक जवळच्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन एखाद्या चांगल्या प्लंबरची चौकशी करतो. दुकानदार मोबाईल क्रमांक देतो. पलीकडून 'उद्या सकाळी येतो' असे उत्तर मिळते आणि ती सकाळ उगवायला कधी कधी आठवडा लागतो. राजारामपुरी असो, शिवाजी पेठ असो की फुलेवाडीकडची नवी वसाहत, हा अनुभव सर्वांच्या परिचयाचा आहे.

प्लंबर वेळेवर येत नाही ही तक्रार रास्तच आहे. पण तिची दुसरी बाजूही पाहायला हवी. नव्या इमारतीच्या कामावर त्याला महिनोन् महिने सलग रोजगार मिळतो. एका नळाचे वायसर बदलायला मात्र येणे-जाणे, दुकानात जाऊन सामान आणणे आणि पाणी बंद करून पुन्हा सोडणे यांत अर्धा दिवस मोडतो आणि हाती पडते ती किरकोळ मजुरी. म्हणून घरातील बारीकसारीक दुरुस्त्या साठवून त्या एकाच दिवशी करून घेणे दोघांच्याही सोयीचे असते. गळका नळ, फ्लशच्या टाकीतील न मिटणारा बॉलकॉक आणि गच्चीवरील टाकीचा गंजलेला व्हॉल्व्ह अशी तीन-चार कामे एकत्र सांगितली की कारागीर तुलनेने लवकर येतो.

या कामाचा खरा पेच मात्र वेळेचा नाही. सुताराने केलेले कपाट समोर दिसते, रंगाऱ्याचा हात भिंतीवर दिसतो. नळकामाचा मुख्य भाग भिंतीत, फरशीखाली किंवा रस्त्याच्या कडेला जमिनीत गाडला जातो. एकदा त्यावर सिमेंट चढले की ते बरे झाले की वाईट, हे कळायला वर्ष-दोन वर्षे जातात. आणि कळते तेही बहुधा शेजाऱ्याच्या छतावरून. म्हणून प्लंबर निवडणे, दर ठरवणे आणि काम पाहून घेणे या तिन्ही गोष्टी भिंत उघडी असेपर्यंत उरकायला हव्यात.

यात केवळ रंग आणि गिलाव्याचा प्रश्न असता तर इतकी काळजी करण्याचे कारण नव्हते. आपल्याकडील पाणीपुरवठा बहुतेक ठिकाणी ठरावीक वेळचा असतो. पाणी बंद झाले की वाहिनी रिकामी होऊ लागते. उंचावरचे पाणी सखल भागातील नळांकडे ओढले जाते आणि वाहिनीत काही काळ शोषण निर्माण होते. जुन्या पेठांत घरची जोडणी अनेकदा गटारीला लागून किंवा गटारीखालून आलेली असते. तिथे जस्ती पाइप गंजून सुईएवढे छिद्र पडले असेल तर पाणी सुरू असताना त्यातून पाणी बाहेर जाते आणि पाणी बंद झाल्यावर बाहेरचे मैलापाणी आत येते. दुसऱ्या दिवशी पहिली काही मिनिटे येणारे गढूळ पाणी याचीच सूचना असू शकते. २०१२ च्या उन्हाळ्यात शेजारच्या इचलकरंजीत पसरलेली काविळीची साथ जिल्ह्याच्या स्मरणात आहे. हेपॅटायटिस ई या विषाणूची ती साथ पिण्याच्या पाण्यात मैलापाणी मिसळल्यामुळे उद्भवली होती. गर्भवती स्त्रियांना हा आजार विशेष घातक ठरतो. त्यामुळे रस्त्यापासून उंबऱ्यापर्यंत येणारा पाइप हा घरातील सर्वांत दुर्लक्षित, पण सर्वांत जोखमीचा भाग म्हणायला हवा.

या बाबतीत घरमालकाचाही दोष असतो. पाण्याचा दाब कमी वाटला की प्लंबरला सांगून नळाच्या जोडणीलाच विजेची मोटर बसवली जाते. मोटर वाहिनीतून पाणी ओढते तशी सांध्यांच्या फटींतून बाहेरची घाणही ओढते, आणि शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी कमी होते ते वेगळेच. हे नियमबाह्य आहे आणि तसे स्पष्ट सांगून काम नाकारणारा कारागीर हाताशी ठेवण्याजोगा असतो. पाणी आधी जमिनीलगतच्या टाकीत घ्यावे आणि मोटर त्या टाकीतून वर पाणी चढवण्यासाठी वापरावी, ही सरळ रीत आहे.

कोल्हापूरचा पाण्याचा इतिहास तसा मोठा आहे. कळंबा तलावातून शहरात पाणी आणण्याची व्यवस्था संस्थानकाळातली. मंगळवार पेठेतील 'पाण्याचा खजिना' हे स्थळनाम तिची आठवण आजही जपून आहे. पुढे पंचगंगा आणि भोगावतीवरील उपसा केंद्रे आली. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत ती पाण्याखाली गेली आणि दारात पूर असताना शहराला टँकरची वाट पाहावी लागली. काळम्मावाडी धरणातून सुमारे ५३ किलोमीटर लांबीच्या थेट वाहिनीचे पाणी नोव्हेंबर २०२३ मध्ये शहराच्या उंबरठ्यावर पोहोचले. धरणातून आलेले हे पाणी शुद्ध होऊन गल्लीपर्यंत येते खरे. शेवटची पंधरा-वीस फूट वाट मात्र घरमालकाच्या पाइपमधून जाते.

त्या वाटेवरचे काम कोणी करावे याबाबत कायदा स्पष्ट आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात प्लंबरना परवाना देण्याची तरतूद आहे. महापालिकेच्या वाहिनीला हात लावणारे काम, म्हणजे नवी जोडणी, फेरूल किंवा रस्ता खोदून पाइप बदलणे, परवानाधारक प्लंबरकडून आणि महापालिकेच्या परवानगीनेच करायचे असते. घरातल्या घरात नळ बदलायला कोणी परवाना विचारत नाही, तेथे अनुभव हेच प्रमाणपत्र. आयटीआयमध्ये या व्यवसायाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे; तथापि बहुतेक कारागीर आजही कुणाच्या तरी हाताखाली 'हेल्पर' म्हणूनच शिकतात. देशभरातील महानगरांना प्लंबर पुरवणाऱ्या ओडिशातील केंद्रापाडा जिल्ह्यातही ही विद्या मुख्यतः अशीच एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिली.

प्लंबर येण्यापूर्वी घरच्या माणसांनी थोडा तपास केला तर निम्मी तोडफोड वाचते. रात्री सर्व नळ बंद करून गच्चीवरील टाकीतील पाण्याच्या पातळीवर खडूने खूण करावी. सकाळपर्यंत पातळी उतरली असेल तर गळती टाकीनंतरच्या वाहिनीत आहे. प्रत्येक वाहिनीला स्वतंत्र व्हॉल्व्ह असल्यास एकेक बंद ठेवून हाच प्रयोग केला की दोषी वाहिनी सापडते. फ्लशच्या टाकीत थोडी शाई टाकावी. न ओढताही भांड्यात रंग उतरला तर आतील वायसर गेले आहे. भिंतीवरची ओल बारा महिने सारखी असेल तर पाणी पुरवणाऱ्या पाइपवर संशय घ्यावा. अंघोळीनंतर वाढून दुपारी ओसरत असेल तर दोष सांडपाण्याच्या पाइपचा किंवा फरशीच्या सांध्यांचा असण्याचा संभव अधिक. अशा वेळी पुरवठ्याचा पाइप बदलूनही डाग कायम राहतो आणि बिचाऱ्या प्लंबरला बोल लागतो. ठिबकणाऱ्या नळाकडे दुर्लक्ष करणाऱ्यांनी सेकंदाला एक थेंब धरून हिशेब करावा: दिवसाला ८६,४०० थेंब. नळाखाली रात्रभर बादली ठेवली की त्याचा अर्थ सकाळी कळतो.

काही वेळा तर प्लंबरची गरजच नसते. न वापरल्या जाणाऱ्या न्हाणीघरात गटारीचा वास येऊ लागला की घरमालक घाबरतो. मोरीच्या जाळीखाली एक वाटीसारखा ट्रॅप असतो आणि त्यात साठलेले पाणी गटारीतील वायू अडवते. वापर नसला की ते पाणी आटते आणि वास वर येतो. तांब्याभर पाणी ओतले की काम झाले! देशभरातील दुकानांत हा भाग 'नहाणी ट्रॅप' या नावाने विकला जातो, हा आपल्याकडील न्हाणीचा मानच म्हणायचा.

काम ठरवताना मजुरी 'उक्ती' की 'हजेरीने' हे आधी बोलून घ्यावे. गळती नेमकी कुठे आहे हे ठाऊक असेल तर उक्ते काम परवडते. शोधाशोध करावी लागणार असेल तर हजेरी न्याय्य ठरते, कारण उक्त्यात घाई होते. सर्वाधिक वाद होतात ते एका साध्या प्रश्नावरून: फोडलेली भिंत बुजवायची कोणी? प्लंबर पाइप जोडतो, भिंत गवंड्याची आणि टाइल्स फरशीवाल्याच्या, असे तीन हिशेब निघतात. त्यात जुन्या टाइल्सचा रंग बाजारात मिळत नाही. या सर्व बाबी एका कागदावर लिहून दोघांनी सही केली तर पुढचा मनस्ताप टळतो. आगाऊ रक्कम द्यायचीच तर सामानापुरती द्यावी आणि सामानाचे पक्के बिल आपल्या नावाने घ्यावे. सामान कोणत्या दुकानातून यावे याचा आग्रह कारागीर धरत असेल तर दोन दुकानांत भाव विचारण्यात संकोच बाळगू नये.

सामान भिंतीत जाण्यापूर्वी पाइपवरील छपाई वाचावी. गरम पाण्याला फिकट पिवळसर सीपीव्हीसी पाइप लागतो आणि त्यावर आयएस १५७७८ हा मानक क्रमांक असतो. थंड पाण्याच्या पांढऱ्या यूपीव्हीसी पाइपसाठी आयएस ४९८५, तर जस्ती पाइपसाठी आयएस १२३९ हा क्रमांक आहे. गिझरच्या वाहिनीत पांढरा पाइप बसवला तर तो काही काळात मऊ पडून सांध्यातून सुटतो. सीपीव्हीसी आणि यूपीव्हीसी यांना चिकटवण्याचे द्रावणही वेगवेगळे असते. एकाच डब्याने सगळीकडे काम भागवणाऱ्याला तेथेच थांबवावे. लोखंडी नळाला प्लॅस्टिकचा पाइप जोडताना पितळी आटे असलेला सांधा वापरावा. प्लॅस्टिकचे आटे आवळताना चिरतात आणि ती चीर त्या वेळी दिसत नाही.

जोडणी झाली की दाबाची चाचणी. सर्व तोंडे बंद करून हातपंपाने वाहिनीत पाणी दाबून भरतात आणि काटा काही तास स्थिर राहतो का ते पाहतात. हा पंप सोबत आणणारे कारागीर कमी आहेत. तो नसल्यास निदान एक रात्र टाकीच्या पाण्याचा पूर्ण दाब वाहिनीवर ठेवून प्रत्येक सांधा कोरड्या कागदाने टिपून पाहावा. नंतर फूटपट्टी धरून उघड्या भिंतीची छायाचित्रे काढून ठेवावीत. पाच वर्षांनी भिंतीत खिळा ठोकताना त्यांचे मोल कळते. फरशी उखडली असेल तर नवी बसवण्याआधी खालच्या जलरोधक थरावर निदान २४ तास पाणी साठवून ठेवणे आवश्यक आहे.

सदनिकांमध्ये गळती वरच्या घरात आणि डाग खालच्या घरात असतो, त्यामुळे शेजारधर्माची परीक्षाच होते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार संडास, सिंक यांसारख्या अंतर्गत गळतीची दुरुस्ती त्या सदस्याने स्वखर्चाने करायची असते, तर इमारतीच्या मुख्य वाहिन्यांची जबाबदारी संस्थेची. अपार्टमेंट असल्यास घोषणापत्रात काय लिहिले आहे ते पाहावे लागते. मोबदला देऊन घेतलेल्या सदोष सेवेबद्दल २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते; पण हाती बिल वा लिहिलेला कागद नसेल तर तक्रार सिद्ध करणे अवघड जाते.

कारागीर निघण्यापूर्वी त्याच्याकडून घराचा मुख्य व्हॉल्व्ह दाखवून घ्यावा आणि घरातील प्रत्येकाने तो स्वतः एकदा फिरवून पाहावा. वर्षानुवर्षे हात न लावलेला व्हॉल्व्ह जागीच जाम होतो. मग एका वायसरसाठी साऱ्या इमारतीचे पाणी बंद करावे लागते.